विस्तव, छापी, काडेपेटी : चिलीम आणि विडी यांमधील निवडीविषयी

वाळलेली पाने न जाळता नुसती तापवायची आणि त्यांची वाफ ओढायची, अशी खिशात मावणारी विजेची उपकरणे गेल्या दोन दशकांत जगभर निघाली. त्यांना वेपरायझर म्हणतात. मराठीत त्यांना 'बाष्पक' म्हणावे असे कोणी सुचवले तर शास्त्राच्या प्रयोगशाळेतले भांडे डोळ्यांपुढे येईल, म्हणून इंग्रजी शब्दच बरा. दोन वेपरायझरांपैकी कोणता घ्यावा याची चर्चा मोठ्या हिरिरीने होते. एकाचे तापमान हवे तसे राखता येते, दुसऱ्याची बॅटरी अधिक टिकते; एक चटकन तापतो, दुसरा हातात लपतो. अंधेरी-बोरिवलीच्या महाविद्यालयांच्या कट्ट्यांवरही ही चर्चा कानांवर पडते. भारतात या वस्तूंची विक्री हा २०१९ पासून गुन्हा आहे. त्यांत भरायची पाने गांजाची असतील तर तो गुन्हा त्याहून जुना. कायद्याकडे आपण पुढे येऊ. आमचे कुतूहल वेगळे आहे. या चर्चेतल्या प्रत्येकाला वाटते की ही निवड आपणच प्रथम करीत आहोत. वस्तुतः बरोबर नेता येण्याजोग्या दोन साधनांमधली अशी निवड मराठी समाजाने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एकदा केलेली आहे. ती निवड होती चिलीम आणि विडी यांच्यामधली. तिचा निकाल इतका पूर्ण लागला, की अशी काही निवड झाली होती हेच आपण विसरलो.

साहित्याच्या अभ्यासकांनी तर ती कधी पाहिलीच नाही. ग्रामीण कथेतली चिलीम आपण वर्गात 'वातावरणनिर्मिती' या सदरात टाकतो, कामगार कवितेतली विडी 'वास्तवदर्शन' या सदरात, आणि उत्तरपत्रिकेत दोहोंना दोन-दोन गुण देतो. चिलीम ओढणारा म्हातारा आणि विडी ओढणारा गिरणी कामगार यांच्यामध्ये एक पिढी आहे, एक रेल्वे आहे, एक भोंगा आहे आणि, आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे, एक स्पर्शाचा प्रश्न आहे.

आधी थोडे मागे जायला हवे. 'धूर ओढायचा पण अपाय नको' ही इच्छा तंबाखूहून फार जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात औषधी धूमपानाचा विधी आला आहे. त्यात वाळलेल्या औषधींची वात करण्याची रीत आहे आणि ती ओढण्यासाठी 'धूमनेत्र' नावाच्या नळीचे वर्णन आहे. नळी किती अंगुळे लांब असावी हे धूमपानाच्या प्रकारानुसार ठरवून दिले आहे. ती सरळ असावी आणि तिला तीन पेरे असावीत असेही सांगितले आहे. लांबून आलेला, पेऱ्यापेऱ्यांत अडलेला आणि नळीतून पातळ होत आलेला धूर इंद्रियांना बाधत नाही, असे कारणही तेथे दिले आहे. आजच्या विक्रेत्याने वेपरायझरच्या वायुमार्गाविषयी जे सांगावे त्याच्याशी हे कारण किती मिळतेजुळते आहे! चरकाचा धूर तंबाखूचा नव्हता, त्यामुळे त्या ग्रंथाच्या आधारे कोणी सिगारेटचे समर्थन करू नये. साधनाच्या लांबीत निर्धोकपणा शोधण्याची वृत्ती किती जुनी आहे, एवढेच आम्हांला दाखवायचे आहे.

तंबाखू आली ती पोर्तुगिजांबरोबर, आणि उत्तरेला तिची ओळख झाली ती विजापुरामार्फत. हा प्रसंग मोगल दरबारातील असद बेग याने स्वतः लिहून ठेवला आहे. अकबराने त्याला १६०३-०४ च्या सुमारास इब्राहिम आदिलशहाकडे पाठवले होते. शाहजादा दानियालसाठी आदिलशहाची कन्या वधू म्हणून आणावयाची होती. विजापुरात असद बेगाला तंबाखू सापडली. हिंदुस्थानात आपण असे काही पाहिले नव्हते, असे तो नोंदवतो. परतताना त्याने तीन हात लांब नळीची, रत्ने आणि मीनाकाम असलेली एक चिलीम सिद्ध केली, तिला यमनी अकीकाचे तोंड बसवले आणि पेटवण्यासाठी सोन्याचे पात्र घेतले. आदिलशहाने त्याला विड्याचा एक उत्तम बटवा भेट दिला होता. त्यात त्याने तंबाखू भरली. आम्हांला या साऱ्या थाटात तो बटवा सर्वांत बोलका वाटतो. पानाच्या बटव्यात तंबाखू शिरली, आणि पुढे साडेतीनशे वर्षे मराठी माणसाच्या कमरेच्या चंचीत पान, सुपारी, चुना आणि तंबाखू एकत्र नांदली. तिचा आरंभ विजापूरच्या त्या बटव्यात पाहण्याचा मोह आम्हांला आवरत नाही.

अकबराने दोन-चार झुरके घेतले आणि हकिमाने त्याला थांबवले. आमच्या ग्रंथांत या वनस्पतीविषयी काही नाही, हा हकिमाचा आक्षेप; जगातली प्रत्येक रूढ गोष्ट कधीतरी नवीच होती, हा असद बेगाचा युक्तिवाद. बादशहाने पुन्हा नळीला तोंड लावले नाही. असद बेगाने मात्र उरलेली तंबाखू सरदारांना वाटली आणि मागणी वाढत गेली. १६१७ साली जहांगिराने बंदी घातली, ती कोणी फारशी मनावर घेतली नसावी. पाण्यातून धूर नेऊन तो निर्दोष करण्याची युक्ती अकबराचा हकीम अबुल फतह गिलानी याने काढली, अशी एक कथा वारंवार सांगितली जाते. तिच्यात अडचण अशी की हा हकीम १५८९ सालीच वारला. असद बेग विजापुराहून परतला त्याच्या पंधरा वर्षे आधी. दरबारात तंबाखूच नव्हती तेव्हा तिचा धूर पाण्यातून कोण नेणार? हुक्क्याचा जनक दुसरा कोणीतरी असला पाहिजे. ही कथा टिकली, कारण तिच्यात वैद्याच्या हातून व्यसनाला अभय मिळते. असे अभय सर्वच काळांत हवे असते.

महाराष्ट्रात सतराव्या शतकातच धूम्रपान उपदेशाचा विषय होण्याइतके रुळले होते. समर्थांच्या दासबोधातील उत्तम लक्षणांच्या समासात धूम्रपान आणि उन्मत्त द्रव्ये यांचा निषेध शेजारीशेजारी येतो. निषेध ज्याचा करावा लागतो ते समाजात असते, हा इतिहासलेखनाचा जुना नियम येथेही लागू पडतो.

साधनांची नावेच घेतली तरी कोण कुठून आले ते कळते. तंबाखू पोर्तुगीज. चिलीम फारसीतून. हुक्का अरबी, मूळ अर्थ डबी. चकमक तुर्की. चंची कन्नडमधून. गुडगुडी मात्र मराठी कानाने पाण्याच्या आवाजावरून दिलेले नाव. आणि विडी? ती 'विड्या'ची धाकटी बहीण. दोघींचे कूळ संस्कृत 'वीटिका'. विडा हा स्वागताचा, मानाचा, पैजेचा शब्द: विडा उचलणे, विडा देणे. त्याच शब्दाचे स्त्रीलिंगी, लघुत्वदर्शक रूप एका पानात गुंडाळलेल्या तंबाखूला मिळाले. हुक्का आणि गुडगुडी ही बैठकीची साधने. नोकर भरणार, धनी ओढणार. जो चालतो, राबतो, गुरे राखतो त्याच्यासाठी दोनच साधने होती, आधी चिलीम आणि मग विडी.

चिलीम म्हणजे कुंभाराने घडवलेले मातीचे एक निमुळते नळकांडे. त्यात खाली एक खडा टाकायचा, म्हणजे तंबाखू नळीत उतरत नाही. तंबाखू तळहातावर चोळून भरायची, वर विस्तव ठेवायचा. खालच्या टोकाला ओल्या फडक्याची छापी गुंडाळायची आणि दोन्ही मुठींत धरून ओढायची. छापीने धूर थोडा गार होतो, राख अडते. ती छापी तंबाखूच्या काटाने पिवळी-काळी पडलेली असे. धुराला आपण काय-काय म्हणतो आणि प्रत्यक्षात त्यात काय असते, याचा पुरावा चिलीम ओढणाऱ्याच्या हातातच असे.

चिलमीत तंबाखूइतकाच महत्त्वाचा विस्तव. विस्तव बरोबर नेता येत नाही. म्हणून चिलीम जरी धोतराच्या सोग्यात मावत असली, तरी ती खऱ्या अर्थाने फिरती नव्हती. ती चुलीपाशी, आगटीपाशी, लोहाराच्या भात्यापाशी पेटे. रानात ओढायची तर चंचीत चकमक, गारगोटी आणि कापूस हवा. ठिणगी कापसावर पाडायची, फुंकर घालून ती जगवायची, मग गोवरीचा तुकडा पेटवायचा. एवढा खटाटोप एकट्यासाठी कोण करणार? म्हणून एक चिलीम पेटली की ती चौघांत फिरे. चिलमीचा सामाजिकपणा हा काही केवळ ग्रामीण दिलदारपणा नव्हता. विस्तवाच्या दुर्मिळतेने तो घडवला होता. आणि या फिरण्याला एक कुंपण होते. जी वस्तू तोंडाला लागते ती कोणाच्या तोंडाची चालेल? उत्तरेत 'हुक्का-पाणी बंद' म्हणजे जातीबहिष्कार. मराठीत वाळीत टाकण्याचा शब्द वेगळा असला तरी पाण्याला जो नियम तोच चिलमीला. आगटीभोवतीच्या त्या प्रसन्न वर्तुळाचे वर्णन करणाऱ्या कथाकाराने वर्तुळाबाहेर कोण उभे आहे हे सांगितले आहे काय, असा प्रश्न आपण वर्गात विचारीत नाही. विचारायला हवा.

चिलमीला दुसरेही एक ओझे होते. तीत तंबाखू भरली जाई तसाच गांजाही. १८९३ च्या मार्चमध्ये ब्रिटिश पार्लमेंटात गांजाच्या व्यापाराविषयी प्रश्न उपस्थित झाला आणि त्याच वर्षी हिंदी गांजा-भांग आयोग नेमला गेला. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग अध्यक्ष होते, आणि सात सभासदांत तिघे हिंदी होते. आयोगाने सत्तर प्रश्नांची एक प्रश्नावली काढली आणि १,१९३ जणांची साक्ष नोंदवली. मुंबई इलाख्यातल्या साक्षी आणि अहमदनगरसारख्या जिल्ह्यांतली लागवड त्यात आहेच. १८९४ साली आलेल्या अहवालाचा निष्कर्ष असा, की माफक सेवनाने सर्वसाधारणपणे मोठा अपाय दिसत नाही, अतिरेकाने होतो. सरसकट बंदी करू नये, कर आणि परवाने यांनी आळा घालावा. आज या अहवालाचा हवाला दोन्ही बाजूंचे लोक देतात. आम्हांला त्यातला वेड्यांच्या इस्पितळांचा भाग अधिक मोलाचा वाटतो. 'गांजामुळे वेड' अशा नोंदी आयोगाने एकेक करून तपासल्या, तेव्हा बऱ्याच ठिकाणी कारणाचा रकाना रुग्णाला आणून सोडणाऱ्या पोलिसाच्या ऐकीव माहितीवर भरला गेल्याचे आढळले. म्हणजे चिलमीची अपकीर्ती काही अंशी कारकुनी होती. पण कारकुनी अपकीर्तीही अपकीर्तीच. चिलीमवाला आणि गांजेकस हे शब्द शेजारी बसू लागले. चारचौघांत, विशेषतः शहरात, चिलीम काढणे म्हणजे संशय ओढवून घेणे झाले. विडीवर असा कोणताच बट्टा नव्हता. ती नवी होती आणि तिच्या पोटात काय आहे हे सर्वांना ठाऊक होते.

विडी अगदी नवी नव्हती, हेही सांगायला हवे. गुजरातेत आणि आपल्याकडे आपट्याच्या पानात तंबाखू गुंडाळून ओढण्याची रीत आधीपासून होती. विसाव्या शतकाच्या आरंभी, गुजरातेतील १८९९ च्या दुष्काळानंतर मध्य प्रांतात गेलेल्या कुटुंबांनी जबलपूरच्या बाजूला टेंभुर्णीच्या, म्हणजे तेंदूच्या, पानावर धंदा उभा केला. रेल्वेने पान एकीकडे, तंबाखू दुसरीकडे आणि तयार विडी तिसरीकडे जाऊ लागली. सिन्नर, कामठी, भंडारा-गोंदिया, सोलापूर ही विड्यांची गावे झाली. त्यातच स्वदेशीची चळवळ आली; परदेशी कापडाबरोबर परदेशी सिगारेटही बहिष्काराच्या यादीत गेली आणि विडी अनायासे देशभक्त ठरली. व्यसनाला देशभक्तीचे प्रमाणपत्र मिळण्याचे आमच्या वाचनातले हे मराठी मुलखातले पहिले उदाहरण.

पण विडी जिंकली ती मुंबईत, गिरणीच्या दारात. १८५४ साली दावरांनी मुंबईत पहिली कापड गिरणी काढली आणि पुढच्या अर्धशतकात कोकण-घाटावरची माणसे तिच्या भोवती गोळा झाली. गिरणीत सगळीकडे कापूस. आत आग न्यायची सोय नाही. सुटी मोजकी. त्यात चिलीम भरणार कधी, विस्तव शोधणार कुठे, ती चौघांत फिरणार कधी? विडीला हे काही लागत नाही. ती एका माणसाची, एका दमाची, एका पैशाला अनेक मिळणारी. शिवाय तिचा एक गुण असा, की ओढणे थांबवले की ती आपोआप विझते. भोंगा झाला की अर्धी विडी कानावर, पुढच्या सुटीत तीच पुन्हा पेटवायची. सिगारेट जळतच राहते. विडी कामगाराच्या घड्याळाला मान देणारी होती.

आणि काडेपेटी. चिलीम ते विडी या स्थित्यंतराचा खरा नायक काडेपेटी आहे, असे आमचे मत आहे. आधी ती स्वीडन आणि जपानहून येई. १९२२ साली आयात आगकाड्यांवर जबर जकात बसली, तेव्हा स्वीडिश कंपनीने इथेच कारखाने काढले. अंबरनाथचा विमकोचा कारखाना त्याच दशकातला. आगपेटी पैशापैशाने खिशात आली आणि विस्तवाची दुर्मिळता संपली. फिरते झाले ते धुराचे साधन नव्हे, फिरती झाली आग. वेपरायझरच्या बॅटरीची महती गाणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. त्यांची बॅटरी म्हणजे त्यांची काडेपेटी.

आता स्पर्शाकडे. गिरण्यांत अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत. कारण धोट्यात नवी कांडी बसवताना सूत तोंडाने ओढून काढावे लागे. एकाच धोट्याला अनेकांची तोंडे लागत. विणकाम खात्यात मजुरी चांगली होती, म्हणजे तोंडाच्या विटाळाची किंमत रुपयांत मोजली जात होती. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संप-पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला. महाडच्या तळ्याला तेव्हा उणेपुरे एक वर्ष झाले होते. तळ्याचे पाणी, गिरणीतला धोटा आणि आगटीवरची चिलीम ही एकाच प्रश्नाची तीन रूपे आहेत.

या पार्श्वभूमीवर विडी पाहावी. ती प्रत्येकाची स्वतंत्र. ती देता येते, घेता येते, आणि पेटवल्यानंतरच उष्टी होते. बंडलातून काढून दिलेल्या विडीला कोणाचे तोंड लागलेले नसते. गिरणीच्या दारात, गोदीत, रेल्वेच्या फलाटावर अनोळखी माणसाजवळ 'जरा काडी द्या' म्हणताना जात विचारावी लागत नाही. विडीने जात मोडली असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. तिने जातीचा प्रश्न विचारण्याची गरज टाळली, एवढेच. चिलमीच्या वर्तुळातल्यांनी ते वर्तुळ गमावले, बाहेरच्यांना आत बोलावणे आलेच नाही, आणि दोघेही आपापली विडी घेऊन एका भिंतीला टेकून उभे राहिले. शहरी एकटेपणाची पहिली मराठी प्रतिमा म्हणून नवकवितेतल्या गर्दीकडे बोट दाखवले जाते. आम्ही त्या भिंतीकडेही दाखवू.

उपनगरांत हे चित्र पुढे सरकले. १९५० साली अंधेरीपर्यंतचा आणि १९५७ साली दहिसर-मुलुंडपर्यंतचा भाग मुंबई महापालिकेत आला. कारखाने आणि चाळी त्याच्या आगेमागे वाढल्या. विलेपार्ल्यात पूर्वेला बिस्किटांचा कारखाना (तो २०१६ साली बंद झाला) आणि पश्चिमेला स्वामी विवेकानंद मार्गावर गोल्डन टोबॅको कंपनी. १९३० साली स्थापन झालेली ही देशी सिगारेट कंपनी. तिची 'पनामा' अनेक मध्यमवर्गीय मराठी घरांत लपवून आणि नंतर उघडपणे ओढली गेली. पार्ल्यासारख्या सोज्ज्वळ, नाट्यसंगीतप्रिय उपनगराच्या आठवणींवर पुस्तके निघतात, त्यांत बिस्किटांचा वास हटकून येतो. तंबाखूचा येत नाही. स्मरणरंजनही सोवळे पाळते.

घाटकोपरच्या चिरागनगरात, जेथे अण्णा भाऊ साठे यांनी आपल्या लेखनाची ऐन वर्षे काढली, त्या वस्तीत विडी हेच धुराचे साधन. स्टेशनाबाहेरच्या टपरीवर एक गोष्ट अनेक वर्षे टिकली. टपरीच्या खांबाला जळता सुंभ टांगलेला असे. काथ्याच्या त्या दोरीचे टोक दिवसभर धुमसत राही आणि येणारा-जाणारा वाकून तिच्यावर आपली विडी पेटवी. 'सुंभ जळला तरी पीळ जात नाही' ही म्हण सर्वांना ठाऊक. सुंभ जळतो कसा हे आताच्या विद्यार्थ्यांपैकी क्वचितच कोणी पाहिलेले असते. त्या सुंभापाशी कोणीही वाके. आगटीभोवतीच्या वर्तुळातला विस्तव येथे खांबाला टांगला गेला आणि सार्वजनिक झाला. पुढे लायटर आला, मग २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचे कडक नियम आले, आणि सुंभ गेला.

इथपर्यंत आम्ही ओढणाऱ्याच्या बाजूने बोलत आलो. साधन निवडणारा तोच असतो, म्हणून इतिहासही त्याचाच लिहिला जातो. चिलीम घडवणारा कुंभार होता. वर्षा-दोन वर्षांत एक मातीची चिलीम फुटे, दुसरी घेतली जाई. विडीचे तसे नाही. प्रत्येक विडी कोणीतरी हाताने वळलेली असते आणि एकदाच ओढली जाते. विडी कामगार स्त्री हजारावर मजुरी मिळवते: पान भिजवायचे, कात्रीने मापात कापायचे, चिमटीने तंबाखू भरायची, वळायची, टोक दुमडायचे, दोरा बांधायचा. कारखान्यात माल तपासताना न पटलेल्या विड्या बाजूला काढतात, ती 'छाट'. तिचे पैसे मिळत नाहीत, पान-तंबाखू मात्र तिची गेलेली असते. १९३१ साली शाही मजूर आयोगाने विड्यांच्या कारखान्यांतल्या मुलांच्या स्थितीवर लिहिले. विडी कामगारांच्या कामाच्या अटींचा कायदा त्यानंतर पस्तीस वर्षांनी, १९६६ साली आला, आणि कल्याण निधीचा १९७६ साली.

तंबाखूचे केंद्र निपाणी. मराठी भाषकांचे हे गाव १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेले. तेथल्या वखारींत तंबाखू कुटणाऱ्या, चाळणाऱ्या स्त्रिया दिवसभर तिच्या धुळीत बसत. त्यांनी एकही विडी ओढली नसेल, पण तंबाखू त्यांच्या छातीत भरलेली असे. सत्तरच्या दशकाअखेर त्या संघटित झाल्या. १९८२ साली 'युगांतर' या स्त्रियांच्या चित्रपट-गटाने त्यांच्यावर माहितीपट केला. त्याआधीच्या वर्षी तंबाखूच्या भावासाठी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी निपाणीजवळ महामार्ग अडवला आणि ६ एप्रिल १९८१ रोजी पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मारले गेले. अनिल अवचटांनी अशा असंघटित कष्टकऱ्यांवर लिहिले, त्याला आपण 'रिपोर्ताज' म्हणून अभ्यासक्रमात जागा दिली. त्या लेखनातली खोकणारी बाई आणि ग्रामीण कथेतला चिलीम झटकणारा म्हातारा एकाच प्रश्नपत्रिकेत कधी भेटत नाहीत.

विड्यांच्या नावांवरही एखाद्या भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने काम करावे. देवांची, राजांची, नेत्यांची नावे बंडलांवर आली. पुण्याच्या साबळे वाघिरे कंपनीची 'संभाजी विडी' अनेक दशके विकली गेली. २०२० साली तीव्र आक्षेपांनंतर कंपनीने नाव बदलण्याचे जाहीर केले आणि ती 'साबळे विडी' झाली. आक्षेप नावाला होता. आतल्या तंबाखूविषयी त्या वादात फारसे कोणी बोलले नाही.

आता आजच्या निवडीकडे. सिगारेटचे जळते टोक झुरक्यासरशी सुमारे नऊशे अंश सेल्सिअसपर्यंत तापते. वेपरायझर पाने दोनशेच्या आसपास तापवतो. जळणे टळल्याने डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड कमी होते, हे रसायनशास्त्र खरे आहे. पण तंबाखूचे निकोटिन त्या वाफेत असतेच, आणि 'कमी' या शब्दाचा 'शून्य' असा अर्थ लावण्याची घाई ओढणाऱ्याला नेहमीच असते. हुक्क्याच्या पाण्याविषयीही तसेच झाले. पाणी धूर गार करते, त्यातले विष फारसे अडवत नाही, आणि वरच्या कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड सरळ छातीत जातो, हे जागतिक आरोग्य संघटना किती वर्षे सांगत आहे. तरी २००० नंतर मुंबईत हुक्का परतला, तो बैठकीतून उठून उपाहारगृहांत आला. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर लोअर परळच्या कमला मिल्सच्या आवारात, गच्चीवरच्या दोन उपाहारगृहांत आग लागली आणि चौदा माणसे गेली. हुक्क्याच्या निखाऱ्यांच्या उडत्या ठिणग्यांनी आग लागली असावी, असे अग्निशमन दलाच्या चौकशीत निघाले. ज्या गिरणीत एके काळी विस्तव न्यायला मनाई होती, तिच्याच आवारात नव्वद-शंभर वर्षांनी तो पुन्हा आला होता. २०१८ साली महाराष्ट्राने कायदा दुरुस्त करून हुक्का पार्लरांवर बंदी घातली.

त्यानंतर १८ सप्टेंबर २०१९ चा केंद्राचा अध्यादेश आणि डिसेंबरातला इलेक्ट्रॉनिक सिगारेट प्रतिबंधक कायदा. उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठा, जाहिरात, सारे निषिद्ध. पहिल्या विक्रीच्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. गांजाच्या फुलोऱ्यावर १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने आधीच बंदी आहे. भांगेच्या नुसत्या पानांना त्या कायद्याच्या व्याख्येतून वगळले आहे, ही त्यातली आणखी एक गंमत. म्हणजे अंधेरीच्या कट्ट्यावर दोन वेपरायझरांच्या गुणदोषांचा जो काथ्याकूट चालतो, तो दुकानात मिळू न शकणाऱ्या दोन वस्तूंमधला आहे. मिळतात त्या चोरून येतात. पावती नाही, बॅटरीची हमी नाही; तापमानाचा आकडा खरा की खोटा हे तपासण्याचा मार्ग नाही. काठाकाठाने पिवळी पडणारी छापीही नाही, की जिच्याकडे पाहून आत काय जात आहे ते कळावे.

कायद्याच्या व्याख्येत पदार्थ तापवून श्वासासाठी वाफ निर्माण करणारे प्रत्येक विजेचे साधन येते. मग त्यात निकोटिन असो वा नसो. न जाळता तापवायची साधने त्यात नावाने आहेत. ई-हुक्काही आहे. चिलीम नाही, कारण तिला वीज लागत नाही. विडी नाही, ती घाटकोपर स्टेशनाबाहेरच्या टपरीवर बंडलाने मिळते, आणि सोलापूरच्या एखाद्या घरात उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन बसलेली बाई आज संध्याकाळपर्यंत तिचा हजाराचा हिशेब पुरा करीत असेल, छाट वजा करून.